आसरांच्या तळ्याचं बूड

आमच्या पडवीतल्या खोलीत चार वर्षं एक गृहस्थ भाड्यानं राहिले. त्यांच्या शर्टाचा डावा खिसा कायम पांढरा असायचा. नवा शर्ट घातला तरी दोन दिवसांत खिसा पांढरा, कारण खिशात खडू. मास्तर नव्हते ते. सरकारी नोकरीत तीस वर्षं विहिरींचं पाणी मोजून रिटायर झालेले. ठरलेल्या गावांत ठरलेल्या विहिरी, वर्षातून ठरलेल्या वेळी जायचं, पोलादी टेप आत सोडायची, पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं, पुढच्या गावाला निघायचं. टेपच्या टोकाला आधी खडू चोळायचा. टेप पाण्यात गेली की तेवढा खडू भिजतो आणि ओली रेघ उमटते. खोल अंधारात पाणी दिसो न दिसो, रेघ खोटं बोलत न्हाई, असं ते म्हणायचे. गावानं त्यांचं नाव टेपवाले ठेवलं. मी काका म्हणायची.

नोकरी सुटली तेव्हा सरकारची टेप सरकारला परत द्यावी लागली. तर या माणसानं दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईला जाऊन स्वतःची नवी टेप आणली. आता हिचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आम्हाला पडला. आमच्या आडात दर सोमवारी टेप जायची. कणगीतली ज्वारी, पिपातलं रॉकेल, रांजणातलं पाणी, सगळ्यांत टेप जायची. एकदा सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत तेल किती वर आलंय ते बघायला त्यांनी टेप काढली, तेव्हा सासूबाई पळी घेऊनच उठल्या.

"टेपवाले, माझ्या बरणीला हात लावला तर खोली खाली करावी लागंल."

"हात कुठं लावतोय आत्याबाई, टेप लावतोय. तेल दोन बोटं कमी हाय. बुरशी येईल."

बुरशी आलीच. सासूबाईंनी ती बरणी गुपचूप म्हशीच्या गोठ्यामागं नेऊन ओतली. मी बघितलं, पण तेव्हा बोलले नाही. आता त्या नाहीत, म्हणून लिहिते.

काकांना एका शब्दाचा राग होता. 'लई'. कुणी म्हटलं, यंदा विहिरीला लई पाणी हाय, की ते थांबणार, चपला काढून उभे राहणार आणि विचारणार, "लई म्हणजे किती?" चपला का काढायचे देव जाणे. मला वाटतं, मापाचं बोलायचं म्हणजे ते देवळात शिरल्यासारखं धरत असावेत. गल्लीत एका पोरीची सोयरीक जमत होती. मुलाकडचे पाहुणे सांगत होते, आमच्या विहिरीला बारमाही पाणी, लई पाणी, पोरीला घागर घेऊन कुठं जावं लागणार नाही. काका चहाच्या निमित्तानं बसलेले. त्यांनी चपला काढल्या.

"वैशाखात कधी मोजलं होतं?"

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. "मोजायचं कावून? दिसतंय की डोळ्याला."

"डोळ्याला काठ दिसतो. मी वैशाखातलं विचारतो."

सोयरीक तिथंच अडली. पोरीच्या बापानं आठ दिवस काकांशी अबोला धरला. पुढं फाल्गुनात कुणीतरी त्या गावाहून आलं आणि सांगितलं की विहीर माघातच कोरडी पडली, बायका दीड कोसावरून पाणी आणतायत. पोरीचा बाप त्या दिवशी काकांना ओढून जेवायला घेऊन गेला. काकांनी जेवताना विचारलं म्हणे, "दीड कोस कुणी मोजलं?"

मला अक्षरओळख काकांमुळं झाली. त्यांनी मला समोर बसवून शिकवलं, असं मात्र नाही. आडावर टेप धरायला दुसरा माणूस लागायचा, आमचे मालक सकाळीच विभूती लावून किराणा दुकानात बसायचे, म्हणून मी धरायची. टेपवरचे आकडे इंग्रजी. मी मराठी एक शिकायच्या आधी इंग्रजी एक शिकले. मग काका आमच्या दाराच्या चौकटीवर खडूनं महिना लिहायचे आणि पुढं आकडा. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. आकडा मला कळायचाच, महिना कुठला चाललाय तेही ठाऊक असायचं, मग अक्षरं आपोआप जुळायला लागली. पुढं दुकानात पुड्या बांधायची रद्दी यायची, ती मी वाचायला लागले. साखरेच्या पुडीवर अर्धी बातमी असायची, उरलेली अर्धी शेंगदाण्याच्या पुडीवर सापडायची. एवढंच माझं शिक्षण. आज मी हे लिहितेय ते त्यावरच.

तर आता तळ्याचं सांगते.

आमचं गाव बालाघाटाच्या उतरणीवर, केज तालुक्यात. गावाच्या वर, डोंगराच्या खोबणीत तळं आहे. आसरांचं तळं. काठावर सात दगड शेंदूर लावलेले, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. तळ्याचं पाणी असं नितळ की काठावर उभं राहिलं तर खालचा खडान् खडा मोजून घ्यावा. आमच्या गावाच्या आडांना, विहिरींना ओलावा त्याच तळ्याचा. खाली केजपर्यंत उन्हाळ्यात टँकर फिरायचे, पण आमच्या गावात टँकर आलेला नाही.

काका गावात राहायला आले त्याच दिवशी तळं बघायला वर गेले. मी तिथं धुणं वाळत घालत होते. पाण्यापासून लांब, कारण तळ्यात धुणं चालत नाही. हे गृहस्थ आले, वाकून बघितलं, आणि गुडघाभर पाणी आहे असं समजून चष्मा धुवायला आत पाय टाकला. पाय टाकला तो खालीच. छातीपर्यंत गेले, मग घसरून गळ्यापर्यंत. पोहता येत नव्हतं. मी वाळत घातलेलं लुगडं ओढलं, एक टोक त्यांच्याकडं फेकलं आणि बाहेर काढलं. माणूस निथळत बसला. मला वाटलं आता रडतील नाहीतर रागावतील. ते म्हणाले,

"तीस वर्षं आंधळ्या पाण्यांबरोबर काढली, कधी फसलो न्हाई. हे डोळस निघालं, यानं फसवलं."

संध्याकाळी त्यांनी मला परातीत बांगडीचा तुकडा टाकून दाखवलं. परात रिकामी असताना मला काठाआड तुकडा दिसत नव्हता. त्यांनी हळूहळू पाणी ओतलं, आणि तुकडा वर उचलून आल्यासारखा दिसायला लागला. "पाणी जेवढं स्वच्छ, तेवढा तळ जवळ आल्यासारखा दिसतो," म्हणाले. "म्हणून स्वच्छ पाण्याला जास्त विचारायचं."

पण गावाचं म्हणणं एकदम उलट होतं. गाव म्हणायचं, तळ्याला बूडच नाही. काठाला दिसतो तो तळ, मधे नुसतं काळं-हिरवं. आणि याला पुरावा होता, तोही आमच्याच घरचा. आमच्या मालकांच्या आजोबांनी तळं मोजलं होतं. हा मान आमच्या घराचा. मोजायचे नियम तीन. आसरांच्या पोटात लोखंड टाकायचं नाही, दगड टाकायचा नाही, आणि डोळे उघडे ठेवायचे नाहीत, कारण देवीच्या पोटात बघायचं नसतं. आजोबा वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर, म्हणजे तरंगत्या तराफ्यावर बसले, डोळ्यांवर हिरवा खण बांधला, अंबाडीच्या दोराला तांब्याचा तांब्या बांधला आणि पाण्यात सोडला. एका बाजेचा दोर संपला. दुसरी बाज उसवली, तो जोडला. असं करत सात बाजांचा दोर संपला तरी दोर खाली जातच होता. सात आसरा, सात बाजा. मग कुणी पुन्हा मोजायचं धाडस केलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकत होते. मी स्वतःही पाहुण्यांना सांगायची, तेही हात लांब करून.

बायकांना ग्रामपंचायतीत जागा राखीव झाल्या तेव्हा मीही मेंबर झाले. झाले म्हणजे मालकांनी फॉर्म भरला आणि मला सांगितलं. आम्ही तिघी बायका मेंबर होतो. मीटिंगला जायचं, मागं सतरंजीवर बसायचं, रजिस्टर पुढं आलं की अंगठा. मला वाचता यायला लागलं होतं, हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना माहीत होतं.

त्याच वर्षी बाटलीत पाणी भरून विकणारी पुण्याची पार्टी आली, तिचे एक साहेब गावात आले. बाटलीतलं पाणी तेव्हा नवं होतं. केजच्या स्टँडवर एका टपरीत बाटल्या ठेवलेल्या मी बघितल्या होत्या, पण त्या घेणारं कुणी बघितलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना एकेक बाटली दिली. सासूबाईंनी वास घेतला आणि मला हळूच म्हणाल्या, "याला चवच न्हाई गं. आजारी माणसाचं पाणी हाय का?"

साहेबांचं म्हणणं सोपं होतं. तळ्याचं पाणी तपासलंय, इतकं चांगलं पाणी या भागात दुसरं नाही. तळ्यातून पाइप खालच्या रस्त्यापर्यंत आणायचा, तिथं टँकर भरायचे, बारा महिने. बदल्यात गावाला डांबरी रस्ता आणि आसरांसमोर सभामंडप. सरपंच लगेच म्हणाले, "उपसा की किती उपसायचं ते. आमचं तळं बिनबुडाचं हाय. सात बाजा गेल्यात त्यात." सगळे हसले, मीही हसले. ठराव पुढच्या ग्रामसभेत घ्यायचा ठरला. मेंबर सात. तिघे पुरुष तयार, चौथे सरपंच. तरी साहेबांना सगळ्यांचे अंगठे हवे होते, पुढं कुणी कटकट करायला नको म्हणून.

मालक घरी येऊन म्हणाले, "अंगठा द्यायचा. रस्ता झाला तर दुकानाचा माल जीपनं दारात येईल. विषय संपला."

मी तूर निवडत बसले होते. काका ओट्यावर टेप पुसत होते. मालक गेल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, तळं किती हाय ते माहीत हाय का?"

"सात बाजा."

"सात बाजा तळाला टेकल्या का?"

"न्हाई टेकल्या. म्हणून तर बिनबुडाचं."

"मग ते माप न्हाई," काका म्हणाले. "तो माणूस दमला, एवढंच कळतं त्यातून."

मला राग आला, खरं सांगते. माझ्या आजेसासऱ्यांचा मान. मी म्हटलं, "काका, तुमी बाहेरचे. तुमाला काय ठावं."

त्यांनी टेपचं टोक पुसून घेतलं. मग म्हणाले, "तळं आटलं तर आधी तुझा आड आटंल. मी तर भाडेकरू, मी जाईन दुसरीकडं."

माझं निवडणं थांबलं. आमचा आड तीन परस होता. परस म्हणजे पुरुषभर उंची, चार हातांचा एक धरायचा. त्यातलं पाणी मी दर सोमवारी मोजत होते. तळं काठापासून मागं सरलं की आडाचं पाणी उतरतं, हे चौकटीवरच्या खडूच्या आकड्यांवरून मीच ताडलं होतं. आणि ज्या तळ्यावर अख्खं गाव उभं, ते किती, हे मला माहीत नव्हतं, तरी मी अंगठा द्यायला निघाले होते. आडाचं विचारलं असतं तर बोटावर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मालकांना अडवलं. "मालक, एक पैज. तुमच्या आडाचं बूड तुमाला हाताला लागतं का?"

"न लागायला काय झालं? आड माझा."

"डोळे बांधून?"

"बांधा."

सासूबाई, मी, शेजारच्या दोघी, सगळ्या जमलो. मालकांनी स्वतःच्या उपरण्यानं डोळे बांधले. अंबाडीचा दोर, टोकाला तांब्या, अगदी आजोबांसारखं. त्यांनी दोर सोडायला सुरुवात केली. एक परस, दोन परस. तीन परस झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. तांब्या टेकला असणार.

"जातंय," मालक म्हणाले.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अजून जातंय. भिजून जड झालाय दोर, चांगला ओढतोय."

दोर सरत होता. पायाशी ठेवलेलं वेटोळं लहान होत गेलं. शेजारीण हसायला लागली, सासूबाईंनी तिला कोपर मारलं. शेवटी मालकांच्या हातात नुसतं टोक राहिलं आणि ते म्हणाले, "दोर संपला की. दुसरा द्या."

काका म्हणाले, "डोळे उघडा."

मालकांनी आत बघितलं. आडाच्या पाण्यात त्यांनी सोडलेला दोर गुंतवळीसारखा पडला होता. तांब्या कधीच टेकला होता. ओला दोर स्वतःच्याच वजनानं खाली जात राहिला आणि हाताला वाटलं की तांब्याच जातोय. मालकांचं तोंड उतरलं. दोर वर ओढताना ते एवढंच म्हणाले, "आड तीन परस हाय हे मला ठावं होतं."

"ठावं असून हात थांबला न्हाई," काका म्हणाले. "ज्याला ठावं नव्हतं त्याचा कसा थांबंल. तुमच्या आजोबांची चूक न्हाई यात. दोराची हाय."

ते आजोबांची चूक नाही म्हणाले, ते मला फार बरं वाटलं. सासूबाईंनाही वाटलं असणार. संध्याकाळी त्यांनी काकांच्या खोलीत स्वतः भाजी नेऊन दिली. आणि म्हणाल्या, "लोखंड न्हाई, दगड न्हाई, डोळे उघडे न्हाईत. हे पाळून मोजता आलं तर मोजा."

म्हणजे टेप बाद. पोलाद ते लोखंडच. काकांनी दोन दिवस विचार केला. जड पाहिजे आणि दोर हलका पाहिजे. दोर म्हणून बारीक सुती दोरी आणली, हाताहातावर गाठ मारली. वजनासाठी मीच म्हटलं, "माझा बत्ता घ्या." माझ्या लग्नातला पितळी खलबत्ता, त्याचा बत्ता चांगला जड. काकांनी तो हातात तोलला आणि असं बघितलं की जणू सरकारनं त्यांना बक्षीस दिलं. बत्त्याच्या बुडाला त्यांनी मेण थापलं. टेकला तर तळाचं काहीतरी चिकटून येईल, मग कुणाला नाही म्हणता येणार नाही.

आता जायचं कुणी? मालक म्हणाले, "आजोबाला खोटं पाडायला मी जाणार न्हाई." मान आमच्या घराचा, दुसऱ्याला चालत नाही. काकांना पोहता येत नाही, आणि ते परके. माझं माहेर गोदाकाठचं. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून पोहते, पण सासरी आल्यापासून पाण्यात उतरले नव्हते. मी म्हटलं, "मी जाते."

मालकांनी सासूबाईंकडं बघितलं. त्यांना वाटलं, आई आता हिला झापणार. सासूबाई उठून पेटीजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "आसरा तरी कोण? बायकाच की." आणि पेटीतून हिरवा खण काढला.

काकांनी मला आडावर तीन दिवस सराव करायला लावलं, डोळे बांधून. "टेकलं की हात हलका होतो," सांगायचे. "तो हलकेपणा ओळख. मन म्हणंल अजून जाऊ दे. मनाचं ऐकू नको, हाताचं ऐक." चुकले की पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी मला झोपेतसुद्धा कळलं असतं.

मोजायच्या दिवशी अख्खं गाव काठावर. भोपळ्यांची सांगड बांधलेली. सासूबाईंनी सात दगडांना हळद-कुंकू वाहिलं, माझ्या डोळ्यांवर स्वतः खण बांधला. सरपंच काठावरून म्हणाले, "काय टेपवाले, हे झालं की आभाळाला टेप लावा."

"शिडी द्या," काका म्हणाले.

मी हातानं पाणी मारत मधे गेले. डोळ्यांपुढं हिरवा अंधार. काठावर बायका कुजबुजत होत्या, मग तेही थांबलं. बत्ता सोडला. गाठी बोटांतून सरकत होत्या, मी मोठ्यानं मोजत होते. दहा. बारा. पंधरा. मनातून मलाही बूड लागायला नको होतं. लहानपणी आपण ज्याला अफाट समजतो ते तसंच राहावं असं वाटतंच की. सतरा. अठरा. आणि हात हलका झाला.

मी बत्ता उचलला, पुन्हा सोडला. अठरा. सांगड थोडी सरकवली, पुन्हा. अठरा.

"किती?" काठावरून काका.

"अठरा हात. साडेचार परस."

मी काठाला आले, खण सोडला. बत्त्याच्या मेणाला काळी बारीक वाळू चिकटली होती. सगळे वाकून बघत होते, हात कुणी लावत नव्हतं. सासूबाई पुढं आल्या. बोटानं वाळू काढली, तळव्यावर चोळली, तळ्याकडं बघितलं.

"म्हणजे हे संपू शकतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण ऐकलं सगळ्यांनी. मी बघत होते, मागच्या बायकांची तोंडं एकेक करून बदलत गेली. इतक्या पिढ्यांत हा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. बिनबुडाचं कसं संपेल?

ग्रामसभेत रजिस्टर माझ्याकडं आलं तेव्हा मी अंगठा दिला नाही. मला भाषण येत नव्हतं. मी म्हटलं, "अठरा हात हाय. टँकर किती हात रोज नेणार ते साहेबांनी सांगावं, मग बघू." साहेब म्हणाले, असं हातात कसं सांगणार बाई. मी म्हटलं, "मग मोजून या." उरलेल्या दोघी बायकांनीही हात पदराखाली घेतले. पाठीमागून सासूबाई बोलल्या, "माझ्या सुनेनं जीव पाण्यात घालून आणलंय ते माप. घरी बसून आणलं न्हाई." सरपंच हुशार माणूस. गावाचा रंग बघितला आणि रजिस्टर मिटलं. पार्टी दुसरीकडं गेली.

सगळं गोड झालं असं नाही. डांबरी रस्ता पुढं कितीतरी वर्षं आला नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून खाली न्यावं लागायचं, तेव्हा लोक माझ्याकडं बघायचे, आणि मी खाली मान घालायची. काही म्हातारी माणसं काकांशी शेवटपर्यंत बोलली नाहीत. आमच्या दुकानात एकजण काकांच्या तोंडावर म्हणाला, "आसरांना बूड लावलं या माणसानं." काकांनी आपली पुडी उचलली. घरी येऊन मला विचारलं, "मी चुकलो का गं?" त्या एकाच वेळी मी त्यांना डगमगलेलं बघितलं. मी म्हटलं, न्हाई काका. पण त्यांचं समाधान झालं असं वाटलं नाही.

पुढं ते मुलीकडं राहायला गेले, कडा नावाच्या गावाला. दर महिन्याला कार्ड यायचं, त्यात ख्यालीखुशाली काही नाही, फक्त 'आड?' एवढंच. मी उलट्या टपालानं आकडा पाठवायची. आधी नुसता आकडा, मग आकड्याखाली एक ओळ, मग चार ओळी. लिहायला मी अशी शिकले. एका महिन्यात कार्ड आलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं पत्र आलं. ते वाचून मी आडावर गेले, पाणी मोजलं आणि चौकटीवर लिहिलं. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. ठराव बारगळल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात ती सुती दोरी, चेहरा पडलेला.

"सूनबाई, आपलं चुकलं."

मी हातातली परात खाली ठेवली. "काय चुकलं?"

"सुती दोरी भिजली की आखडते. मी कोरडी असताना गाठी मारल्या. आयुष्यभर पोलादाची टेप वापरली, ती आखडत न्हाई, म्हणून ध्यानातच आलं न्हाई. भिजवून मोजली आता. चोवीस बोटांचा हात, त्यात दर हाताला दोन बोटं कमी भरतात."

"मग?"

"मग अठरा न्हाई. साडेसोळा."

"ठराव तर गेला. आता काय फरक पडतो?"

"तू गावाला अठरा सांगितलंस," ते म्हणाले. "लोक आता अठरा धरून चालतील."

जिंकलेलं सगळं त्यांनी पुन्हा मोजायला काढलं. मला वैताग आला, आणि त्याच क्षणी मला कळलं की हा माणूस कुणाच्या बाजूचा नव्हता. पार्टीच्या नाही, आमच्याही नाही. म्हणूनच त्याच्या अठरावर गावानं विश्वास ठेवला होता.

मी सासूबाईंना विचारलं. त्या खण शोधायला उठल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. "बूड तर कळलं," म्हणाल्या. "आता डोळे झाकून काय करायचं. जा अशीच."

दुपारी बाराला आम्ही दोघंच वर गेलो. ऊन डोक्यावर. दोरी आधी भिजवलेली, भिजल्यावर गाठी मारलेल्या. मी सांगड मधे नेली, बत्ता सोडला. सोळा गाठी आणि वर अर्धा हात. काकांचंच खरं. मी ओरडून सांगितलं, त्यांनी वहीत लिहिलं. बत्ता वर घेतला, परत फिरायचं म्हणून खाली बघितलं, आणि फिरायची राहूनच गेले.

काठावरून जे काळं-हिरवं दिसायचं ते वरून काळं नव्हतंच. सूर्य थेट तळापर्यंत गेला होता. साडेसोळा हातांखाली माझी सावली पडली होती, सांगडीची आणि तिच्यावर बसलेल्या माझी, वाळूवर. मी हात हलवला तर तिनं हलवला. मासे मधेच हवेत टांगल्यासारखे उभे. आणि तळाशी तीन ठिकाणी वाळू उकळत होती. आधण आल्यावर तांदूळ वरखाली होतात तशी, गप्प, सारखी. पाणी तिथून येत होतं. झरे होते ते.

"काय झालं?" काठावरून काका. "परत ये की."

"काका, वाळू नाचतीय खाली. पाणी खालून येतंय. तीन झरे हायेत."

मी मान वळवून बघितलं. तीस वर्षांत शेकडो विहिरींत टेप सोडलेला माणूस, एकाही विहिरीचा तळ त्यानं बघितला नव्हता. नुसती ओली रेघ बघितली होती. ते काठावरच्या दगडावर बसले, वही मिटून बाजूला ठेवली, आणि पाय पाण्यात सोडले, घोट्यापर्यंतच, भीत भीत.

"दिसतंय ते सगळं सांग," म्हणाले. "सावकाश सांग. मला घाई न्हाई."

मग मी सांगडीवर पालथी पडले, तोंड पाण्याजवळ नेलं, आणि ऊन कलेपर्यंत त्यांना तळ सांगत राहिले.